दुसरा आणि चौथा रविवार

"मला वेगळा घ्या, पप्पा. कॅरॅमलवाला."

संदेशचं पाकीट अर्धवट उघडलेलं तसंच हातात राहिलं. थिएटरातल्या पॉपकॉर्नच्या काउंटरपलीकडच्या मुलीने मोठा टब भरायला घेतलाही होता. तीही थांबली.

"तुला खारं आवडतं ना?"

"आवडायचं. आता नको वाटतं."

"बरं. मग मोठा टब कॅरॅमलचाच घेऊ की."

"नको. तुम्ही तुमचं घ्या ना. मला लहान पुरे."

मागे रांग खोळंबली होती. संदेशने मान हलवली आणि दोन लहान टब घेतले, एक खारा, एक गोड. चैतालीने आपला टब उचलला आणि ती दाराकडे चालू लागली. चौदा वर्षांची पोर. तोंडवळा आईचा, उंचीही आईच्या वळणावर गेलेली. चाल मात्र बापाची. पाय जरासे फाकवून, खडीवरून चालल्यासारखी. खडीवरून ती जन्मात कधी चालली नव्हती. ती चाल बघून संदेशला दर वेळी बरं वाटायचं. आज तिच्या मागून जाताना त्याच्या डोक्यात एकच होतं, की हातातल्या या टबाचं करायचं काय. कारण संदेश पॉपकॉर्न खात नसे. नऊ वर्षांत त्याने मूठभर दाणेसुद्धा तोंडात टाकले नसतील.

संदेश ओव्हाळ लोणावळ्याला रेल्वेत कीमन होता. रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून घाटातल्या आपल्या वाट्याच्या रुळांवरून चालत जायचं, रूळ पकडून ठेवणारी चावी सैल झालेली दिसली की ठोकून घट्ट करायची, कुठे रुळाला चीर गेलीय का, खडी सरकलीय का ते बघायचं आणि संध्याकाळी परत. बाप भिमाजीही रेल्वेतच गँगमन होता. घर कार्ल्याला. लग्न झालं तेव्हा संदेशला लोणावळ्याला रेल्वेची खोली मिळाली आणि वराळ्याची अमृता तिथे नांदायला आली. ती नांदली सहा वर्षं.

वडगावच्या कोर्टात घटस्फोट झाला तेव्हा चैताली पाच वर्षांची होती. मुलगी आईकडे राहील, आणि बापाने महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी, सकाळी अकरा ते दुपारी दोन, तिला भेटावं, असं कागदावर होतं. तीन तास पाच वर्षांच्या मुलीशी काय करायचं, ते कागदावर नव्हतं.

पहिल्या दोन भेटी तळेगावातल्या एका बागेत झाल्या. भेटी कसल्या? चैतालीने मामाच्या, म्हणजे आकाशच्या, पायाला जी मिठी मारली ती सोडलीच नाही. संदेश चॉकलेट पुढे करायचा, ती आकाशच्या मागे जायची. संदेश त्या बाजूला गेला की ती या बाजूला. बाकावरच्या बायका बघायला लागायच्या. दोन वाजेपर्यंत रडून रडून तिला उचक्या लागायच्या.

तिसऱ्या वेळी आकाशलाच दया आली. कोर्टकचेरी होऊनही तो संदेशला दाजीच म्हणायचा. तोंडाला बसलेलं सुटत नव्हतं. "दाजी," तो म्हणाला, "हिला कार्टून लय आवडतं. पिक्चरला न्या. आंधारात रडली तरी कुणाला दिसायची न्हाई."

म्हणून ती दोघं पहिल्यांदा तळेगावातल्या त्या थिएटरात गेली. दारापर्यंत आकाश सोबत आला आणि खाली जाऊन थांबला. आजूबाजूचे सगळे घेत होते म्हणून संदेशनेही मोठा टब घेतला. तो कुठे ठेवायचा ते त्याला कळेना, तेव्हा त्याने तो दोन खुर्च्यांच्या मधोमध हातातच धरला. दिवे गेले. चैताली थोडी मुसमुसली. पडद्यावर एक हत्ती धपकन पाण्यात पडला, तशी ती गप्प झाली. आणि थोड्या वेळाने टबात काहीतरी खुडबुडलं.

तिचा हात होता. दाणे चाचपताना तिची बोटं टबाच्या काठावरच्या त्याच्या अंगठ्याला लागली. तिचे डोळे पडद्यावर होते, तिला ते कळलंही नसावं. हात तोंडाकडे गेला, परत आला, परत अंगठ्याला लागला. उबदार, जरासा चिकट, मिठाने खरबरीत झालेला. अमृता गेल्यापासूनच्या दहा महिन्यांत आपल्या पोरीचा स्पर्श त्याला झाला नव्हता. संदेश तसाच बसून राहिला. त्याचं मनगट अवघडलं, खांद्याला रग लागली, पण टब त्याने तसूभरही हलवला नाही.

त्या दिवसापासून टब धरायची त्याची रीत ठरून गेली. डावा तळवा बुडाखाली, उजव्या हाताचा अंगठा काठाच्या आत. आपण खाल्लं तर टब लवकर रिकामा होईल म्हणून तो खात नसे.

रस्ता ओलांडताना चैताली त्याचा हात धरायची नाही. पहिली कितीतरी वर्षं ती जिन्यावरसुद्धा कठड्याच्या बाजूने चालायची. पण एकदा दिवे गेले की दीड-दोन तास तिचा हात त्याच्या टबात येत-जात असायचा, आणि त्या हातावरून संदेशला तिचं सगळं कळायचं. बोटाला चिकटपट्टी असली की पडली असेल. तळव्यावर मेंदी असली की वराळ्यात कुणाचं तरी लग्न झालं असेल. पडद्यावर उजेडाचा प्रसंग आला की मधल्या बोटावरचा शाईचा डाग दिसायचा. परीक्षा चालू असेल. सहावीत नखं रंगली. सातवीत करंगळीत एक बारीक अंगठी आली. एकदा ती म्हणाली, "पप्पा, तुमच्या हाताला ऑइलचा वास येतो." त्यानंतर दर भेटीच्या आदल्या दिवशी संदेश मोरीत बसून कपड्यांच्या साबणाने आणि लिंबाच्या फोडीने हात घासायचा. ग्रीस कातडीच्या भेगांत गेलेलं, ते काही पुरतं निघायचं नाही. आणि लिंबाने भेगा चरचरायच्या त्या वेगळ्याच.

भेट झाली की तो कार्ल्याला आईकडे जायचा. शालूबाई ओट्यावर वाट बघत बसलेली असायची. नातीला तिने पाच वर्षांची असताना पाहिलं होतं तेवढंच. कोर्टाच्या कागदात आजीचं नाव नव्हतं, आणि वराळ्याच्या लोकांपाशी विषय काढायची संदेशची छाती होत नव्हती.

"काय म्हन्ली?" शालूबाई विचारायची.

"काय न्हाई. पिक्चर बघितला."

"आन् बोल्ली काय?"

"पिक्चरमदी बोलत न्हाईत, आई."

"आरं मग भेटता कशाला रं तुमी? तोंडाकडं बघत न्हाई, बोलत न्हाई. ही काय भेट म्हनायची?" मग फिरून ती त्याच वाक्यावर यायची. "तुज्या बापानं मला काय कमी मारलं? मी गेले व्हय सोडून?"

सुरुवातीला या वाक्याचा संदेशला आधार वाटायचा. आपण काही जगावेगळं केलं नाही, असं वाटायचं. वकिलालाही त्याने सांगितलं होतं, साहेब, एकदाच हात उचलला. वकील म्हणाला, एकदाच असलं काही बोलायचं नाही; आणि त्याने कागदावर लिहून टाकलं की असा प्रकार कधीच घडला नाही. संदेशने खाली सही केली. पण वर्षं गेली तसं आईचं ते वाक्य त्याला ऐकवेना. एका रविवारी ती बोलत असतानाच तो उठला आणि पाण्याची घागर भरायला निघून गेला. घागर भरलेलीच होती.

लॉकडाऊनमध्ये थिएटरं बंद पडली. तेव्हा भेटी मोबाइलवर व्हायच्या. चैताली फोन गादीवर टाकून द्यायची आणि संदेशला वराळ्याच्या घरातला फिरता पंखा दिसायचा. एका रविवारी त्याने कुकरमध्ये मक्याचे दाणे फोडले आणि फोन कुकरसमोर धरला. तडतड ऐकून ती खुदकन हसली. "मम्मी, पप्पांनी घरी केलेत!" असं तिने आत ओरडून सांगितलं.  तो दिवस संदेशने पुढे कित्येक महिने मनात घोळवला.

थिएटरं उघडली त्याच्या पुढच्या वर्षी शालूबाई वारली. शुक्रवारी गेली, शनिवारी अंत्यविधी झाला आणि रविवार दुसरा होता. सकाळी संदेशने आंघोळ करून धुतलेला शर्ट घातला तेव्हा भावकीतल्या हिरा काकूने दारातच त्याला अडवलं.

"कुटं निगालास?"

"तळेगावला जाऊन येतो."

"आरं, आईची राक गरम हाय आजून. आन् तू पिक्चरला चालला?"

संदेशने चपला पायात सरकवल्या. एक रविवार चुकला की मध्ये महिना जातो, हे तो कुणाकुणाला सांगणार? मळवलीला येऊन त्याने लोकल पकडली. त्या दिवशीचा सिनेमा हसण्याचा होता. सगळं थिएटर खदखदा हसत होतं. चैताली तेव्हा अकरा वर्षांची. अंधारात ती त्याच्याकडे वळली आणि तिने हळूच विचारलं, "पप्पा, तुम्ही आज हसत का नाही?"

"दाढ दुखती."

"मग पॉपकॉर्न नका खाऊ," ती म्हणाली आणि टब आपल्याकडे ओढून घेतला. थोड्या वेळाने काय वाटलं कुणास ठाऊक, तो परत त्याच्या हातात दिला. "धरा. पण खाऊ नका."

आजी गेल्याचं त्याने तिला सांगितलं ते चार महिन्यांनी, तेही जिना उतरता उतरता. "अच्छा," ती म्हणाली. ज्या बाईचा चेहराही तिला आठवत नव्हता तिच्याबद्दल ती आणखी काय म्हणणार होती?

असे ते रविवार जात होते. आणि आता हा वेगळा टब.

सिनेमा सुरू झाला. मारामारीचा होता, चैतालीनेच निवडलेला. संदेशने आपला टब सवयीने मधोमध धरला होता. अर्ध्या तासाने त्याच्या लक्षात आलं की आपण वेड्यासारखे तो धरून बसलो आहोत. त्याने तो मांडीवर घेतला आणि एक दाणा तोंडात टाकला. मऊ पडला होता. शेजारी चैतालीचा टब तिच्या मांडीवर होता. तिचे दोन्ही हात टबाभोवती होते. आत एकदाही गेले नव्हते.

इंटरव्हलला दिवे लागले. पुढच्या रांगेतली पोरं बाहेर पळाली. पडद्यावर दागिन्यांच्या दुकानाची जाहिरात मोठ्याने वाजायला लागली.

"पप्पा, एक विचारू?"

"इचार की."

"खरं सांगाल?"

 नऊ वर्षं हा प्रश्न कधी ना कधी येणार हे त्याला माहीत होतं. दर भेटीला निघताना तो मनात उत्तर जुळवायचा आणि दर भेटीहून परतताना, आज नाही आला, म्हणून सुटकेचा श्वास टाकायचा.

"तुम्ही मम्मीला मारायचात ना?"

संदेशने टब खाली, पायांशी ठेवला.

"मामा म्हणतो, रोज मारायचे. मम्मी म्हणते, तीनदा. आणि कोर्टाच्या कागदावर तुम्ही लिहून दिलंय, कधीच नाही." तिचा आवाज जराही चढला नव्हता. पाठ केल्यासारखं ती बोलत होती. "कपाटात सापडले मला ते कागद. तुमची सही आहे खाली. म्हणून तुम्हालाच विचारते."

कागद वकिलाने लिहिला होता, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. संदेशने समोर पाहिलं. जाहिरातीतली नवरी हसत होती.

"तीनदा," तो म्हणाला. "मम्मी खरं बोलती."

"आणि कान?"

"तिसऱ्या येळेला."

"तिला त्या कानाने अजून कमी ऐकू येतं. मी लहान असल्यापासून तिच्या उजव्या बाजूला बसते."

हे संदेशला माहीत नव्हतं. कानातून रक्त आलेलं त्याने पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ती पोरीला कडेवर घेऊन, एक पिशवी घेऊन निघून गेली, तेही पाहिलं होतं. पण कान बरा झाला असेल असं तो आपला धरून चालला होता. नऊ वर्षं.

"का मारलं?"

याचं उत्तर त्याच्याकडे होतं. जुलै महिना, घाटात दरड कोसळलेली, पाच दिवस लागोपाठ ड्यूटी, अंगावर ओले कपडे, घरी आल्याआल्या आईवरून निघालेला शब्द. दारूचं निमित्त नव्हतं. तो कधीच प्यायचा नाही. बाकीचं सगळं होतं. कितीतरी वेळा त्याने ते नीट ओळीने लावून ठेवलं होतं.

"कारन न्हाई काय," तो म्हणाला. "हात उचलला गेला..." आणि मग त्याचं त्यालाच ते बरोबर वाटेना. "न्हाई. मी उचलला."

चैतालीने मान हलवली. दिवे गेले. उरलेला सिनेमा ती सरळ बसून बघत राहिली. पडद्यावरच्या उजेडात संदेशने तिच्याकडे दोनदा पाहिलं. ती रडत नव्हती.

खाली आकाश मोटरसायकल घेऊन उभा होता. ती मागे बसली. गाडी सुटली.

पुढच्या भेटीच्या रविवारी सकाळी दहाला आकाशचा मेसेज आला, क्लास आहे, जमणार नाही. त्याच्या पुढच्या वेळी, ताप आहे. तिसऱ्या वेळी मेसेजही आला नाही. संदेश अकरा ते दोन थिएटरच्या पायऱ्यांवर उभा राहिला आणि दोनच्या लोकलने परत गेला. कामावर त्याचा मुकादम कोंडाजी जुना माणूस. त्याने संदेशचं तोंड बघून विचारलं आणि सगळं ऐकून तावातावाने म्हणाला, "तुज्याकडं कोर्टाचा कागद हाय का न्हाई? मग? वकिलाला धर. पोरगी आनून हुबी केली पायजे त्येंनी."

वकिलाचंही तेच मत पडलं. अर्ज टाकू, आदेश मोडलाय त्यांनी, मुलीला आणावंच लागेल. अर्ज तयार करून त्याने संदेशपुढे ठेवला. संदेशने तो वाचला, घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, चौथ्या रविवारी बघतो आन् सांगतो.

चौथ्या रविवारी अकराला रिक्षातून एकटी अमृता उतरली.

नऊ वर्षांत दोघं समोरासमोर आली नव्हती. ती अंगाने भरली होती, डोळ्याला चष्मा लागला होता. तळेगावातल्या एका औषधाच्या दुकानात ती कामाला होती, एवढं त्याला आकाशकडून कळलं होतं. ती पायऱ्यांपाशी येऊन थांबली. संदेश दोन पावलं फिरून तिच्या उजव्या बाजूला आला आणि मग बोलायला लागला. ते अमृताच्या लक्षात आलं. तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"चैताली येत न्हाई," तो म्हणाला.

"नाही. तिला यायचं नाहीये." अमृता पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होती. "मी काही भरवलेलं नाही तिला. तुम्हाला वाटेल तसं, म्हणून स्वतः आले."

"मला तसं वाटत न्हाई."

"दहावीचं वर्ष येतंय. पण ते कारण नाही." तिने चष्मा वर सरकवला. "तुम्ही तिला सांगितलंत ना, तीनदा म्हणून."

"व्हय."

"त्या दिवशी घरी येऊन जेवली नाही. मी म्हटलं, अगं, मी तुला तेच सांगितलं होतं की. मी खोटं बोलले होते का? तर म्हणाली, तुझं खरं आहे ते मला माहीतच होतं. पण पप्पा नाही म्हणतील असं वाटलं होतं. नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं. मी त्यांच्यावर चिडले असते आणि जात राहिले असते."

थिएटरात सव्वाअकराचा खेळ बघायला माणसं चढत होती. एक बाप खांद्यावर पोर घेऊन दोघांच्या मधून गेला. दोघंही बाजूला सरली.

"आता चिडायचं कशावर, म्हणते." अमृताचा आवाज पहिल्यांदा जरा हलला. "मला नाही कळत तिचं, खरंच. तुम्ही कोर्टात गेलात तर ती येईल. मी पाठवीन. कायदा आहे तो."

संदेशचा हात खिशाकडे गेला. अर्जाची घडी तिथेच होती. कागद पुढे केला की पोर येईल. शेजारी बसेल. दिवे जातील. तिला नको असताना दोन तास ती तिथे बसून राहील, तिची आई त्या रेल्वेच्या खोलीत सहा वर्षं राहिली तशी. हे त्याच्या मनात आलं आणि त्याने हात तसाच खाली सोडला.

"नको," तो म्हणाला. "मी कोर्टात लिहून देतो. तिची मर्जी आसंल तवा येईल."

 अमृताने बोटाला गुंडाळलेला पट्टा सोडवला. मग म्हणाली, "बरे आहात ना तुम्ही?"

"बरा हाय."

कोर्टाची तारीख पडायला चार महिने लागले. वडगावला सकाळीच गर्दी होती. सातबाऱ्याची कामं, मारामाऱ्यांच्या तारखा, झाडाखाली टाइपरायटरवाले. वकील नाराज होता. असं कुणी देतं का लिहून, म्हणून त्याने संदेशला दोनदा विचारलं. मॅडम न्यायाधीशांनी आधी चैतालीला आत बोलावून पाच मिनिटं विचारलं, मग संदेशला उभं केलं.

"कुणाचा दबाव नाही ना?"

"न्हाई मॅडम."

"मुलीला यावंसं वाटलं तर?"

"कवाबी," संदेश म्हणाला. मग त्याला वाटलं आपण कोर्टात नीट बोललो नाही. "केव्हाही," त्याने पुन्हा सांगितलं.

सही करून तो बाहेर आला. अमृता आपल्या वकिलाबरोबर आदेशाची नक्कल घ्यायला गेली होती. व्हरांड्यातल्या लांब बाकावर चैताली एकटी बसली होती. संदेश तिथेच घुटमळला. तिने दप्तर उचलून मांडीवर घेतलं आणि बाकावर जागा केली. तो बसला.

समोर बघायला काहीच नव्हतं. पिवळी भिंत, त्यावर नोटिसांचे कागद, आणि व्हरांडाभर दुपारचं लख्ख ऊन. दोघं त्या उन्हात बसून राहिली.  अभ्यास कसा चाललाय, असं विचारावं म्हणून संदेशने तोंड उघडलं, तर तीच त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"पप्पा, तुमचे केस?"

संदेशचा हात डोक्याकडे गेला. दर भेटीच्या आदल्या संध्याकाळी तो न चुकता केसांना काळा कलप लावायचा. चाळिशी उलटायच्या आतच त्याचं डोकं पिकलं होतं. गेले चार महिने त्याने लावला नव्हता.

"पांढरे झाले," तो म्हणाला.

"सगळेच?"

"सगळेच म्हन की."

"कधी?"

"झाली की सा-सात वर्षं."

ती त्याच्या कानशिलाकडे, मग कपाळाकडे बघत राहिली. नवी ओळख झालेली माणसं बघतात तशी. संदेशला संकोच वाटत होता, पण त्याने तोंड फिरवलं नाही.

"बरे दिसतात," चैताली म्हणाली. "काळे नका करू."

"बरं."

व्हरांड्याच्या टोकाकडून अमृताने हाक मारली. चैताली उठली. दप्तर एका खांद्यावर अडकवून जराशी थांबली.

"येते, पप्पा."

"ये," संदेश म्हणाला.

ती आईकडे गेली. तिच्या उजव्या बाजूला झाली आणि दोघी पायऱ्या उतरून फाटकाकडे चालू लागल्या. संदेश बाकावरच बसून होता. जेवणाची सुट्टी झाली, माणसं पांगली. शिपाई येऊन व्हरांड्यातल्या खिडक्या एकेक करून लावू लागला. शेवटच्या खिडकीपाशी येऊन त्याने विचारलं, "काय भाऊ, तुमचं झालं न्हाई का?"

"झालं," संदेश म्हणाला, आणि उठून उन्हात उतरला.